जुन्या गाडीचे जाम झालेले नट-बोल्ट: लक्षणे, तपासण्या आणि कुठे थांबावे

जुन्या जीपचा किंवा अ‍ॅम्बेसेडरचा नट जाम झाला आहे, एवढेच कळून भागत नाही. तो कशा प्रकारे जाम झाला आहे हे पान्याच्या दांड्यातून हाताला जाणवते आणि पुढचे सगळे काम त्या जाणिवेवर ठरते. म्हणून आधी लक्षणे नोंदवतो.

लक्षणे

पहिला प्रकार सर्वांत जास्त आढळतो. पाना नीट बसतो, नेहमीचा जोर लावला तरी काहीच हलत नाही आणि हाताला निव्वळ घट्टपणा जाणवतो. हा नट गंजाने धरलेला असला तरी आतला बोल्ट बहुधा शाबूत असतो, त्यामुळे येथे घाई न केल्यास यश मिळण्याची शक्यता चांगली असते.

दुसरा प्रकार फसवा आहे. दांडा थोडा सरकतो, नट सुटू लागला असे वाटते, पण जोर काढताच दांडा मागे येतो. हे नटाचे फिरणे नसून बोल्टाचे पिळले जाणे असते आणि याच्या पुढची पायरी तुटण्याची असते. मात्र गोटी पान्याला (सॉकेटला) लांब एक्स्टेंशन जोडलेले असेल तर तेही असेच पिळते. खात्री करण्यासाठी नटावर आणि शेजारच्या पत्र्यावर खडूने एक सरळ रेघ ओढावी. जोर लावताना रेघ तुटली तर नट फिरतो आहे. रेघ जुळलेली राहिली आणि दांडा मात्र सरकला तर लवचिकपणा एक्स्टेंशनचा आहे. जोर असताना रेघ तुटते आणि जोर काढताच पुन्हा जुळते, असे झाल्यास मात्र बोल्ट पिळला जात आहे, हे समजून त्याच क्षणी हात थांबवावा.

तिसऱ्या प्रकारात नट पाव फेरा फिरतो आणि करकर आवाज करत पुन्हा आवळला जातो. नटाच्या पुढच्या उघड्या आट्यांवरचा गंज आणि माती आत ओढली जात असल्याची ही खूण आहे. चौथ्या प्रकारात पाना घसरतो आणि नटाचे कोपरे चकाकू लागतात. पाचव्यात नटाबरोबर बोल्टही फिरतो. बॉडीच्या पोकळ भागात वेल्ड केलेला नट जागेवरून निसटला असेल तर फुटबोर्ड, फेंडर आणि सीट-रेल येथे हे हमखास होते. सहाव्या प्रकारात डोके आधीच कोणीतरी तोडलेले असते आणि आपल्या वाट्याला फक्त बोल्टाचा किंवा स्टडचा, म्हणजे दोन्ही टोकांना आटे असलेल्या बिनडोक्याच्या दांड्याचा, बुंधा येतो.

आपल्याकडच्या गाड्यांत नट असे का धरतात

गंज हा मूळ लोखंडापेक्षा कितीतरी जास्त जागा व्यापतो. नट आणि बोल्ट यांच्या आट्यांमधली फट मुळात केसाहून बारीक असते. तिथे गंज वाढला की तो दोन्ही बाजूंना दाब देत स्वतःच पाचर बनतो. म्हणूनच ज्या नटाला कसताना साधा हात पुरला होता, तोच नट वीस-तीस वर्षांनी सोडताना त्याच्या कितीतरी पट जोर मागतो.

मराठवाड्याची हवा कोरडी असल्यामुळे येथे गाड्या गंजत नाहीत, असा समज आहे आणि तो बॉडीच्या वरच्या पत्र्यापुरता बऱ्याच अंशी खरा आहे. खालची गोष्ट वेगळी आहे. काळी माती चिखल होऊन शॅकल (कमानीचा पाटा गाडीला जोडणारी कडी), यू-बोल्ट आणि चासीच्या कोपऱ्यांत बसते, वरून वाळून कडक होते आणि आत मात्र आठवडेच्या आठवडे ओल धरून ठेवते. सप्टेंबरातल्या पावसानंतर शेतातून बाहेर काढलेल्या जीपच्या खाली दिवाळीनंतरही बोट घातले तर आतली माती ओलसर लागते. त्यातच बहुतेक जुन्या जीपांनी कधी ना कधी खतांची पोती वाहिलेली असतात. पोटॅश म्हणून जे खत येते ते प्रामुख्याने पोटॅशियम क्लोराइड असते, आणि लोखंड खाण्याच्या बाबतीत क्लोराइड हे साध्या मिठासारखेच वागते. मागच्या फळीखालचे बोल्ट पुढच्या बोल्टांपेक्षा जास्त खराब का, याचे उत्तर पुष्कळदा तेथे असते. बॅटरीच्या बैठकीखालचे बोल्ट आम्लाने खाल्लेले असतात, तर बोअरच्या जड पाण्याने वर्षानुवर्षे धुतलेल्या गाडीच्या आट्यांवर क्षारांचा पांढरा थर बसलेला असतो आणि तो तेलाला आत जाऊ देत नाही.

पुढच्या तपासण्यांचा क्रम मी एका निकषावर लावला आहे. जी कृती फसली तरी आपण होतो त्याच ठिकाणी राहतो, ती आधी करावी. जी केल्यावर परतीची वाट बंद होते, ती शेवटी. तेल लावून उपयोग झाला नाही तर काही बिघडत नाही, पण छिन्नी मारल्यावर तो नट पुन्हा नट राहत नाही. स्वस्त आणि सोपे उपाय बहुतेक परतीचे असतात, हा या कामातला एक दिलासा आहे.

आधी सुरक्षितता, मग पाना

गाडी जॅकवर उभी असताना तिच्याखाली जाऊन जाम नटावर जोर लावू नये. नट अचानक सुटतो तेव्हा संपूर्ण गाडीला हिसका बसतो आणि जॅक निसटतो. लोखंडी स्टँड, त्याखाली सपाट फळी आणि जमीन काळ्या मातीची असल्यास फळीखाली फरशी, एवढी तयारी हवीच, कारण ओल्या काळ्या मातीत स्टँडचा पाय नकळत रुततो. डोळ्यांवर चष्मा घालावा. बॅटरीची तार काढावी. आणि पाना शक्यतो आपल्याकडे ओढावा, ढकलू नये. ढकलताना नट सुटला तर बोटांची हाडे चासीवर आपटतात.

फुकटची तपासणी: तो सुटायला तरी मोकळा आहे का

जाम म्हणून माझ्यापर्यंत आलेल्या नटांपैकी काही मुळात जाम नव्हतेच. जुन्या गाड्यांत नट आपोआप ढिला होऊ नये म्हणून स्प्लिट पिन, नटाच्या कडेवर वाकवलेला पत्र्याचा वायसर किंवा डोक्यांतून ओवलेली तार वापरत असत. चिखल आणि रंगाच्या थरांखाली हे दिसत नाही. तारेच्या ब्रशने आणि जुन्या स्क्रू ड्रायव्हरच्या टोकाने माती खरवडून, विजेरी लावून नट चारही बाजूंनी पाहावा. पिन गंजून नटाच्या खाचेत एकजीव झाली असेल तर तिचे दोन्ही पाय कापून मधला तुकडा बारीक पंचने ठोकून काढावा लागतो, नाहीतर नट फिरवताना तो आटे चिरत जातो.

दुसरी फुकटची तपासणी आट्यांच्या दिशेची. जुन्या विलीज जीपच्या आणि त्याच घाटणीच्या भारतीय जीपच्या डाव्या बाजूच्या, म्हणजे गाडीत बसल्यावर डाव्या हाताला येणाऱ्या चाकांचे नट उलट्या आट्यांचे असतात. ते सोडताना घड्याळाच्या काट्यांच्या दिशेने फिरवावे लागतात. हे ठाऊक नसलेला माणूस चार फुटी पाइप लावून तो नट आणखी कसत राहतो आणि शेवटी स्टड तुटतो. मूळ स्टडच्या तोंडावर पुष्कळदा इंग्रजी एल हे अक्षर कोरलेले असते. मात्र मधल्या काळात कोणी स्टड बदलले असतील तर बाजूवर विसंबू नये, प्रत्येक स्टड वेगळा पाहावा. स्टड उभा धरल्याची कल्पना करून आट्यांचा चढ पाहावा. चढ उजवीकडे असेल तर आटे सरळ आणि डावीकडे असेल तर उलटे.

योग्य पाना: येथे निम्मे नट वाचतात किंवा मरतात

गोल झालेले नट गंजाने गोल होत नाहीत, चुकीच्या पान्याने होतात. प्रीमिअर पद्मिनी म्हणजे मूळची फियाट, तिचे नट-बोल्ट मिलिमीटरच्या मापाचे. अ‍ॅम्बेसेडर मॉरिस ऑक्सफर्डवरून आलेली आणि जीप अमेरिकन घराण्यातली, त्यामुळे या दोन्हींत बहुतांशी इंची मापे. महायुद्धापूर्वीच्या आणि त्यानंतरच्या काही वर्षांतल्या ब्रिटिश गाड्यांत व्हिटवर्थ मापे आढळतात आणि त्या पान्यांवर लिहिलेला आकडा नटाच्या रुंदीचा नसून बोल्टाच्या जाडीचा असतो. काही जुन्या मॉरिस इंजिनांत तर आटे मेट्रिक आणि डोके व्हिटवर्थ मापाचे, असा संकर आढळतो.

आपल्याकडे बहुतेक पेट्यांत मिलिमीटरचेच पाने असतात आणि अर्धा इंची नटावर १३चा पाना सर्रास लावला जातो. अर्धा इंच म्हणजे १२.७ मिलिमीटर. ०.३ मिलिमीटरचा हा फरक नव्या, ढिल्या नटावर जाणवत नाही, पण गंजलेल्या, कोपरे झिजलेल्या नटावर पाना सपाट बाजूऐवजी कोपऱ्यावर टेकतो आणि जोर लावताच तो कोपरा सोलून काढतो. पाऊण इंच म्हणजे १९.०५ मिलिमीटर, तेथे १९चा पाना चालतो. ५/८ इंचावर १६चा पानाही चालून जातो. पण ९/१६ म्हणजे १४.२९, तेथे १४चा जात नाही आणि १५चा सैल पडतो. इंची पान्यांचा साधा संच विकत घेणे हा या संपूर्ण कामातला सर्वांत सार्थ खर्च आहे.

जाम नटाला सहा कोनी गोटी किंवा रिंग पाना लावावा. बारा कोनी गोटी बसवायला सोपी असते, परंतु ती नटाच्या कोपऱ्यांजवळच टेकते, तर सहा कोनी गोटी सपाट बाजूंवर दाब देते. तोंड उघडे असलेला फिक्स पाना जोर दिल्यावर फाकतो. स्क्रू पाना आणि पाइप पाना या टप्प्यावर पेटीतच ठेवावेत. नटावर रंगाचा किंवा गंजाचा जाड थर असेल तर तो आधी कानशीने उतरवावा, कारण वर टेकलेला पाना अर्धाच बसतो. गोटी हलक्या हातोड्याने ठोकून पूर्ण खोलवर बसवावी.

तेल आणि वेळ

तेलाबद्दल गॅरेजमध्ये जितकी मते आहेत तितकी कशाबद्दलच नसतील. बाजारात सहज मिळणारे डब्ल्यूडी-४० हे मुळात पाणी दूर सारण्यासाठी बनवलेले द्रव्य आहे; हलक्या गंजावर ते चालते, परंतु वर्षानुवर्षे धरलेल्या नटासाठी गंजात शिरणारे म्हणून वेगळे विकले जाणारे पातळ तेल अधिक उपयोगी पडते. पॉवर स्टिअरिंगला किंवा ऑटोमॅटिक गिअरबॉक्सला लागणारे एटीएफ नावाचे तेल आणि अ‍ॅसिटोन समप्रमाणात मिसळून केलेले मिश्रणही चांगले शिरते. वापरण्याआधी प्रत्येक वेळी ते हलवावे लागते, कारण दोन्ही एकत्र राहत नाहीत. अ‍ॅसिटोन रंग आणि रबर खराब करते आणि झटकन पेट घेते, म्हणून उघड्यावर, विडी-सिगारेटपासून दूर आणि थोडेच करावे. रॉकेल किंवा डिझेल हा आपल्याकडचा जुना उपाय आहे. ते हळू काम करते, पण वेळ असेल तर करते.

कोणते तेल यापेक्षा ते कोठे आणि किती वेळ, हा प्रश्न मोठा आहे. तेल आट्यांच्या सुरुवातीला, म्हणजे नट जेथे बोल्टाला मिळतो त्या रेषेवर पडायला हवे. नटाच्या माथ्यावर फवारलेले तेल फक्त नट ओला करते. बोल्ट आरपार असेल तर दोन्ही टोकांना तेल लावावे. मोकळे, बाहेर आलेले आटे तारेच्या ब्रशने लख्ख केल्याशिवाय तेल लावू नये, कारण तिसऱ्या प्रकारच्या लक्षणाचे मूळ तेथेच असते आणि नट शेवटी त्याच आट्यांवरून बाहेर येणार असतो. आडव्या बोल्टावरून तेल लगेच ओघळते. तेथे घट्ट मळलेल्या कणकेचा किंवा खिडकीच्या पुटीचा छोटा आळा नटाभोवती करावा आणि त्यात तेल साठवावे. रात्रभर ते तेथेच राहते. सायंकाळी तेल, सकाळी हलके ठोकणे, पुन्हा तेल, असा क्रम दोन-तीन दिवस चालवावा. एका बसण्यात दहा वेळा फवारून काही साधत नाही. तेल फटीत शिरते ते स्वतःच्या गतीने, आपल्या नाही.

ब्रेकमधली हवा काढायच्या ब्लीडर निपलवर किंवा पाइपांच्या जोडनटांवर तेल वापरताना फार जपावे. ब्रेकच्या रबरी सीलला खनिज तेल लागले तर ते फुगतात आणि नंतर ब्रेक धरून बसतात. तेथे बाहेरून थेंबभर तेल, आतून काहीही नाही, आणि ब्रेक ऑइल व सील नंतर बदलायचेच, असे ठरवूनच हात घालावा.

ठोकणे, आणि आधी थोडे कसणे

तेलाला वाट हवी असते आणि ती ठोकण्याने मिळते. बोल्टाच्या डोक्यावर पितळी पंच ठेवून मध्यम हातोड्याचे सरळ, खणखणीत ठोके द्यावेत. जोर किती यापेक्षा ठोका नेमका बसणे महत्त्वाचे. गंज ठिसूळ असतो, लोखंड लवचीक, त्यामुळे झटक्याने गंजाला बारीक भेगा पडतात आणि तेल त्यांतून आत जाते. उघड्या नटासाठी याहून प्रभावी कृती म्हणजे नटाच्या एका सपाट बाजूला जड हातोडा टेकवून बरोबर समोरच्या बाजूवर दुसऱ्या हातोड्याने ठोकणे, मग नट न फिरवता हातोड्यांची जागा बदलत सहाही बाजू पूर्ण करणे. आट्यांच्या टोकावर थेट हातोडा मारू नये, टोक पसरते आणि नट मग बाहेर येतच नाही.

दाराच्या बिजागरीचे मोठे स्क्रू याच प्रकारात मोडतात. त्यांना हाताने ठोकायचा इम्पॅक्ट ड्रायव्हर लागतो, जो प्रत्येक ठोक्याला स्क्रूवर दाब देत थोडा फिरवतो. साध्या स्क्रू ड्रायव्हरने त्यांच्या खाचा उडतात आणि मग बिजागरीचा खांबच ड्रिल करावा लागतो.

यानंतर नट सोडण्याआधी किंचित कसून पाहावा. बरेच लोक येथे विश्वास ठेवत नाहीत. गंजाची पकड तोडायला कोणत्याही दिशेची हालचाल पुरते आणि कसण्याच्या दिशेने आटे अजून स्वच्छ असण्याची शक्यता असते. केसभर हलला, एक बारीक टक असा आवाज आला, की काम निम्मे झाले. मग पाव फेरा बाहेर, त्याहून थोडा कमी आत, तेल, पुन्हा पाव फेरा बाहेर. सुटू लागल्याच्या आनंदात सलग फिरवत गेल्यास बारा फेऱ्यांचा नट सातव्या फेऱ्यावर कायमचा अडकतो, कारण गंजाची भुकटी पुढे ढकलली जाऊन दाबली जाते.

लांब दांडा: हिशेब करून

पान्यावर पाइप घालणे ही आपल्याकडची पहिली प्रतिक्रिया असते; माझ्या मते तिची जागा बरीच नंतरची आहे. ३० सेंटिमीटरच्या पान्यावर ३० किलोचा ओढा दिला तर बोल्टावर ९ किलोग्रॅम-मीटरचा पीळ पडतो. तोच ओढा एक मीटरच्या पाइपवर दिला तर तो ३० होतो. ८ मिलिमीटरचा साधा चांगला बोल्ट कसण्याचा पीळ २.५ किलोग्रॅम-मीटरच्या आणि १० मिलिमीटरचा ५च्या आसपास असतो. म्हणजे लहान बोल्ट तोडायला साधा पानाही पुरतो आणि पाइप लावल्यावर हाताला काहीच कळत नाही. यू-बोल्ट, चाकाचे नट, शॅकलचे जाड बोल्ट यांना पाइप लावता येतो. मॅनिफोल्ड, वॉटर पंप, थर्मोस्टॅटचे झाकण, पत्र्यातले बोल्ट यांना कधीही नाही. पाइप लावलाच तर हळू, वाढत्या दाबाने ओढावे आणि दुसऱ्या लक्षणाची चाहूल घेत राहावे. चाकाचे नट चाक जमिनीवर असतानाच ढिले करावेत.

उष्णता

येथून पुढे परतीची वाट अरुंद होते. तेल लावलेल्या नटाला ज्योत लावली की तेल जळते, धूर होतो आणि आग लागू शकते. म्हणून आधी तेल पूर्ण पुसावे आणि वाळूची बादली व अग्निशामक हाताशी ठेवावेत. ब्रेक साफ करण्याच्या ज्या फवाऱ्यांत क्लोरिन असते, ते मारलेल्या जागी ज्योत नेऊ नये, त्यातून विषारी वायू तयार होतो. जस्ताचा मुलामा दिलेल्या बोल्टांचा धूरही छातीत जाऊ देऊ नये.

उष्णता नटाला द्यावी, बोल्टाला नाही. १२ मिलिमीटरच्या बोल्टावरचा नट बोल्टापेक्षा ३०० अंशांनी जास्त तापला तर त्याचे भोक सुमारे ०.०४ मिलिमीटरने रुंदावते. ऐकायला हे नगण्य वाटते, परंतु गंजाची पकड मोडायला एवढे पुरते. अट अशी, की ज्योत अरुंद आणि तेज असावी, म्हणजे बोल्ट तापण्याआधी नट तापेल. मंद ज्योतीने दोन्ही एकत्र तापतात आणि काहीच फरक पडत नाही. तापवून थंड होऊ देणे हेही उपयोगी आहे. सायलेन्सर आणि एक्झॉस्ट मॅनिफोल्डच्या स्टडवर मी नेहमी तापवणे आणि निवू देणे असे दोन-तीन वेळा करतो. निवताना, हात लावता येत नाही पण लाली कधीच गेली आहे अशा अवस्थेत, आट्यांच्या रेषेवर मेणबत्ती टेकवावी. वितळलेले मेण उष्ण फटीत ओढले जाते आणि तेल जेथे जळून गेले असते तेथे वंगण बनते.

काही जागी ज्योत न्यायचीच नाही. पेट्रोलची टाकी आणि पाइप यांच्या जवळ नाही, आणि रिकामी टाकी म्हणजे सुरक्षित टाकी हा गैरसमज आहे, रिकाम्या टाकीतली वाफ भरलेल्या टाकीपेक्षा घातक असते. कमानीच्या पाट्यांना नाही, त्यांचे पाणी, म्हणजे कडकपणा, उतरते आणि पुढे पाटा भाराखाली मोडतो. स्टिअरिंगच्या सांध्यांना नाही. शॉक अ‍ॅब्सॉर्बरसारख्या बंद पोकळीच्या भागांना नाही, कारण आतला द्रव तापून ते फुटतात. अ‍ॅल्युमिनियमच्या भागात अडकलेल्या लोखंडी स्टडच्या बाबतीत उष्णता फार उपयोगी असते, कारण अ‍ॅल्युमिनियम लोखंडाच्या जवळजवळ दुप्पट प्रसरण पावते; मात्र ते लाल न होता एकदम वितळते, म्हणून हे काम अनुभवी हातांचेच.

नट सोडून बोल्ट वाचवणे

एवढे करूनही नट हलला नाही तर नटाचा मोह सोडावा. नट स्प्लिटर नावाचे स्क्रूने दाबायचे हत्यार नट एका बाजूने चिरते. जागा नसेल तर हॅक्सॉने आट्यांना समांतर, आट्यांना टेकण्याआधी थांबेल असा काप घ्यावा आणि त्यात छिन्नी मारून नट फाकवावा. नट काही रुपयांना मिळतो. मूळ स्टड, विशेषतः इंची किंवा व्हिटवर्थ आट्यांचा, लेथवर बनवून घ्यावा लागतो. आरपार बोल्ट जेथे सहज बदलता येतो, उदाहरणार्थ फेंडरचे किंवा फळीचे बोल्ट, तेथे मी इतका वेळही देत नाही आणि तो सरळ कापतो.

नटाबरोबर बोल्ट फिरत असेल तर आधी डोक्याच्या बाजूने लॉकिंग पक्कड लावून पाहावी. वेल्ड सुटलेला नट बंद पोकळीत असेल तर डोके कापणे किंवा पत्र्याला खिडकी पाडणे हेच दोन मार्ग उरतात. गाडीचा रंग जपायचा असेल तर खिडकी पाडण्याआधी मालकाने पत्राकाम करणाऱ्याला विचारलेले बरे.

तुटलेला स्टड, आणि येथे थांबावे

स्टड बाहेर थोडा शिल्लक असेल तर त्यावर मोठा नट ठेवून आतून वेल्ड करणे हा उत्तम उपाय आहे. वेल्डिंगची उष्णता गंज मोडते आणि पाना लावायला नवीन डोके मिळते. पण हे गावातल्या चांगल्या वेल्डरकडून करून घ्यावे, बॅटरी सोडवून आणि अर्थची पकड त्या भागाच्या अगदी जवळ लावून.

स्टड पृष्ठभागाशी सपाट तुटला असेल तर ड्रिल आणि इझी-आउट (पाडलेल्या भोकात उलटे फिरवून तुकडा बाहेर काढायचे हत्यार) हा मार्ग पुस्तकांत असतो. मला तो घरी करण्यासारखा वाटत नाही. ड्रिल केंद्रापासून थोडे जरी सरकले तरी ते मऊ ब्लॉकच्या आट्यांत शिरते. आणि इझी-आउट अतिशय कडक पोलादाचे असते. जो स्टड पूर्ण डोके असताना सुटला नाही, तो त्याहून बारीक हत्याराने सुटेल अशी अपेक्षा करताना ते हत्यार आत तुटते. मग साध्या ड्रिलने त्याला ओरखडाही येत नाही. असे झाल्यास तो भाग काढून टूल-रूममध्ये न्यावा. छत्रपती संभाजीनगरच्या वाळूज आणि चिकलठाणा औद्योगिक वसाहतींत साचे बनवणाऱ्यांकडे स्पार्क इरोजनची यंत्रे असतात. विजेच्या ठिणग्यांनी ते तुटलेले पोलाद झिजवून काढतात आणि सभोवतालच्या आट्यांना धक्का लागत नाही.

सिलिंडर हेडचा स्टड, फ्लायव्हीलचे बोल्ट, स्टिअरिंग आणि ब्रेक यांचा कोणताही जाम नट, पेट्रोल टाकीला लागून असलेला कोणताही बोल्ट आणि दुसरे लक्षण दाखवणारा, म्हणजे पिळला जाणारा कोणताही मोठा बोल्ट, या ठिकाणी तेलानंतर थेट जाणत्या मिस्त्रीला बोलवावे. यांतली चूक पैशांत मोजता येत नाही. मिस्त्री आला की आतापर्यंत काय केले हे सर्व सांगावे: कोणते तेल, किती दिवस, तापवले होते का, कोणता पाना घसरला. तापवलेल्या बोल्टाचे पोलाद मऊ झालेले असू शकते आणि हे त्याला ठाऊक नसेल तर तो चुकीचा जोर लावेल.

परत बसवताना

२०२१ साली केंद्रीय मोटार वाहन नियमांत झालेल्या दुरुस्तीनुसार पहिल्या नोंदणीपासून ५० वर्षांहून जुन्या आणि मूळ स्वरूपात जपलेल्या गाड्यांना व्हिंटेज म्हणून वेगळी नोंदणी मिळते. नोंदणीचा विचार नसला तरी मूळ मापाचे नट-बोल्ट जपावेत, कारण भोकात जबरदस्तीने घातलेला वेगळ्या आट्यांचा बोल्ट पुढच्या माणसासाठी नवा जाम नट तयार करतो. आटे टॅप आणि डाय या आटे पाडायच्या हत्यारांनी हलके साफ करावेत, नवीन पाडू नयेत. एक्झॉस्टच्या स्टडवर पितळी नट वापरावेत, पितळ लोखंडाला गंजून धरत नाही. बाकी आट्यांवर तांब्याचे अँटी-सीझ, म्हणजे आटे धरू नयेत म्हणून लावायचे वंगण, लावावे, परंतु वंगण लावलेल्या आट्यांवर ठरलेला पीळ दिला तर बोल्टावर जास्त ताण येतो, म्हणून तेथे पीळ कमी ठेवावा. चाकाचे नट मात्र कोरडे आणि स्वच्छ आट्यांवर, कंपनीने सांगितलेल्या पिळानेच कसावेत. प्रत्येक नट पहिले दोन-तीन फेरे बोटांनी जायलाच हवा. बोटांनी जात नसेल तर पाना लावण्याआधी तो काढून आटे पुन्हा पाहावेत.